फायनल कटमध्ये (मॅकवरचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) नीट चालणारे सोनी कॅमेऱ्याचे क्लिप वाशीच्या कलरिस्टकडे (व्हिडिओचे रंग सुधारणारा) विंडोजच्या दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये फक्त आवाज देतात, चित्र नाही. काय करू?

ठाण्यातून डिस्क पाठवायच्या आधी तुमच्या मॅकवरच सगळे क्लिप प्रोरेस 422 मध्ये (ॲपलचा एडिटिंगसाठीचा व्हिडिओ प्रकार) बदला, चित्र दिसेल. तुमचं फुटेज बहुतेक एच.265 (व्हिडिओ खूप दाबून साठवायची पद्धत), 10-बिट 4:2:2 (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असणार. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर ते उघडत नाही. आवाजाचा ट्रॅक वेगळा असल्यामुळे तेवढा ऐकू येतो. मी एडिटिंगचंच काम करतो, लग्नाच्या सीझनमध्ये दर आठवड्याला असा एक तरी फोन येतोच. फाइलचं नाव एमओव्हीचं एमपी4 करून काही होत नाही. तो नुसता डबा, आतली भाजी तीच राहते.

बदलताना:
- फाइलची नावं आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) तसेच ठेवा, नाहीतर रंग करून आलेलं काम परत जोडताना घाम फुटेल.
- आयफोनचे क्लिप असतील तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर 25 करा. फोन तो कमीजास्त करतो आणि मग फेऱ्यांपर्यंत भटजींचे ओठ आणि मंत्र वेगवेगळे चालतात.
- जागा मोजा: फुल एचडीला 25 फ्रेमवर तासाला साधारण 55 जीबी, 4के असेल तर चौपट.

कलरिस्टकडे रिझॉल्व्ह स्टुडिओ (रिझॉल्व्हची विकतची आवृत्ती) आणि 4:2:2 वाचणारं हार्डवेअर (इंटेल 11व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स किंवा एनव्हिडियाची आरटीएक्स 50 मालिका) असेल, तर मात्र मूळ फाइलच द्या.