बेंचरेस्टच्या सरावासाठी पहिली पीसीपी एअर रायफल कुठली घ्यावी? .१७७ की .२२, आणि किती पॉवरची?

तुमचा प्रश्न निपाणीकडचा दिसला, राहवलं नाही म्हणून लिहायलोय. २५ मीटरवर बेंचरेस्ट करायचंय, म्हणजे टेबलावर बंदूक टेकवून कागदावर नेम धरायचा, पहिलीच पीसीपी, म्हणजे टाकीत आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक, छर्रा .१७७ की .२२ इंचाचा, हातपंपावर भागेल का, आणि दुकानदार म्हणतो जितके फूट पर सेकंद जास्त तितकी बंदूक चांगली, ते खरं का. शेवटचं आधी सांगतो, साफ खोटं आहे. हेच वाक्य मी दोन वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

माझं बेळगावात उद्यमबागेत वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरची कामं. सील, ओ-रिंग, प्रेशर हा रोजचा धंदा. दाजी मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेत, संकेश्वरला असतात, नेमबाजीतलं मला जे काय येतं त्याची सुरुवात त्यांनीच करून दिली. माणूस लई मोठा, पण आर्मीची रायफल वेगळी आणि हवेची वेगळी हे त्यांना आजही पटत नाही.

जून २०२४ मध्ये मी एक सेकंडहँड पीसीपी घेतली. .१७७, रेग्युलेटर नाही, हवेची टाकी म्हणजे २०० सीसीचा स्टीलचा सिलिंडर, २०० बार प्रेशरपर्यंत भरायची. चुलतभावाचं कडोलीजवळ पोल्ट्रीचं शेड आहे, दोन बॅचच्या मधे रिकामं असतं, आत पुरते २५ मीटर मिळतात. एका बाजूच्या जाळीला गोणपाटं बांधली म्हणजे वारा अडतो, समोर छर्रे अडवायला जाड लोखंडी पेटी, मागं पक्की भिंत. टेबल मी स्वतः वेल्ड केलं, तीन पायांचं, चौथा पाय असला की कोब्यावर डुगडुगतं.

पहिल्या रविवारी दाजी आले. हातपंप मारत मी १६० बारला थांबलो होतो, दम लागला होता. दाजी म्हणाले, "फुल्ल कर की. भित्र्यासारखा अर्धीच भरायलास काय?" त्यांनी स्वतः पंप मारून २०० केले. कार्ड, म्हणजे टार्गेटचा कागद, लावलं. पहिले दहा-बारा छर्रे मधल्या ठिपक्याच्या खाली, मग हळूहळू वर चढत गेले, मग बराच वेळ एकाच जागी, आणि शेवटी परत खाली. दाजी म्हणाले स्कोप सैल आहे. स्कोप काढून परत बसवला. मग म्हणाले वाळूची पिशवी मऊ आहे. ती ठोकून भरली. मग म्हणाले, "श्वास धरायला शिक." असे दोन रविवार गेले, स्कोपच्या टरेटला, म्हणजे नेम जुळवायच्या खुंटीला, फिरवून फिरवून जीव नकोसा केला.

तिसऱ्या रविवारी कोल्हापूरच्या एका दोस्ताचा क्रोनो आणला, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. ८.४४ ग्रेन वजनाचा छर्रा, टाकी २०० वर, वेग सेकंदाला ७३५ फूट. गेज १८० वर आलं तेव्हा ७६०. १६० ला ७८०, आणि मग १२० पर्यंत ७८० च्या आसपासच, पाच-सात फूट इकडं तिकडं. त्याच्याखाली परत घसरण. ७३५ आणि ७८० मधला फरक २५ मीटरवर कागदावर सात-आठ मिलिमीटरचा होतो, पेन्सिलीच्या जाडीएवढा. बेंचरेस्टमध्ये पेन्सिलीच्या जाडीनं चुकलात म्हणजे कार्ड गेलंच.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. ट्रिगर ओढला की हॅमर जाऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. पण त्याच व्हॉल्व्हला मागनं टाकीचं प्रेशर दाबून धरत असतं. आत माणसं गच्च रेटून उभी असलेल्या बसचं दार बाहेरनं ढकलून बघा, इंचभर सरकतं आणि परत बंद होतं. २०० बारला व्हॉल्व्हचं तसंच होतं, कमी वेळ उघडतो, हवा कमी सुटते. प्रेशर उतरलं की जास्त वेळ उघडा राहतो, मग कमी प्रेशर आणि जास्त वेळ असा हिशोब बरोबर जुळतो आणि मधे एक सपाट पट्टा मिळतो. माझ्या बंदुकीचा पट्टा १६० ते १२०. त्यात तीस-पस्तीस छर्रे सुटतात, म्हणजे कार्डावरची २५ टार्गेटं आणि सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवायचे, चार-पाच. मला एवढंच हवं होतं! रेग्युलेटर असला की तो व्हॉल्व्हला कायम एकच प्रेशर देतो, हा पट्टा शोधावा लागत नाही, म्हणून पैसे असतील तर रेग्युलेटरवाली घ्या. नसतील तर क्रोनो मिळवा आणि पट्टा शोधा, तेवढ्यासाठी बंदूक बदलायची गरज नाही.

हे सगळं वहीत लिहून दाजींना दाखवलं. म्हणाले, मशीन चुकतंय.

१ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं. कोल्हापूरचा पोरगा, आमच्याकडं पण पेढे वाटले लोकांनी. दाजींचा फोन आला, "बघितलास? .२२ नं मारलं त्यानं. तू .१७७ घेऊन बसलायस." आता ती ५० मीटर थ्री पोझिशन, त्यात .२२ ची बारुदाची गोळी असते, हवेचा काही संबंध नाही. हवेच्या रायफलचा जो ऑलिंपिक इव्हेंट आहे, १० मीटरचा, तो ४.५ मिमीचाच, म्हणजे .१७७. बिंद्रानं २००८ ला गोल्ड त्यातच घेतलं. फोनवर मी हे सांगितलं आणि पलीकडनं फोन ठेवला गेला.

म्हणून तुमचं .१७७ की .२२ चं उत्तर .१७७. दुसरं कारण कायद्याचं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमीपेक्षा जास्त किंवा एनर्जी २० ज्यूलपेक्षा जास्त, दोन्हीतलं एक जरी असेल तरी लायसन लागतं. .२२ घेतली की आपोआप लायसनमध्ये गेलात. आणि .१७७ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ८.४४ ग्रेनचा छर्रा साधारण ८८५ फुटाच्या वर गेला की २० ज्यूल ओलांडले. ग्रेन गुणिले फुटाचा वर्ग, भागिले ४५०२४०, म्हणजे फूट-पाउंड येतात, त्याला १.३५६ नं गुणलं की ज्यूल. दुकानदार १००० फूट म्हणतो तेव्हा एकतर तो हलक्या छर्ऱ्याचा आकडा सांगतोय नाहीतर तुम्हाला बेकायदेशीर वस्तू विकतोय. २५ मीटर कागदाला ७८० पुरून उरतात.

आता पंप. पंपानं भागतं, पण आमच्या पावसात नाही. जुलैभर मी त्या शेडमध्ये पंप मारला, बाहेर धो धो, आत भिंतींना ओल. ऑगस्टच्या शेवटी टाकी रात्रीत १५-२० बार उतरायला लागली. सगळी हवा सोडून वर्कशॉपवर उघडली, पांढऱ्या कापडावर उपडी केली तर चहाच्या रंगाचे थेंब पडले. आत गंजाचा पापुद्रा, आणि त्याचाच एक कण व्हॉल्व्हच्या सीटवर बसलेला. हिशोब करून बघा, २०० सीसी २०० बारला म्हणजे ४० लिटर हवा, आणि पावसाळ्यातल्या तेवढ्या हवेत पाऊण ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. बरंचसं पंपातच राहतं, पण सगळं नाही. तेव्हा पंपाला ड्रायर फिल्टर लावा, त्यातले दाणे ओले झाले की बदला, पन्नास स्ट्रोक झाले की पंप गार होऊ द्या आणि ब्लीड, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, उघडून पाणी उडवा. पट्ट्यातच भरत असाल तर १२० वरनं १६० करायला सत्तर-ऐंशी स्ट्रोक लागतात, हात मोडत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा विचार पण करू नका, तो आठ-दहा बारला संपतो.

आणि एक गोष्ट अगदी ठणकावून सांगतो. उद्यमबागेत प्रत्येक वर्कशॉपात गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर उभा असतो, त्यात १५० च्या आसपास बार, आणि माझ्याच एका कामगारानं भाबडेपणानं विचारलं, "मालक, ह्यातनं भरूया की." मी त्याला ओरडलो. जास्त प्रेशरचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक थेंब, संपलं, स्फोट होतो, माणूस जातो. फक्त हवा. ओ-रिंगला पण फक्त सिलिकॉन ग्रीस, वर्कशॉपचं साधं ग्रीस किंवा तेल आत जाता कामा नये.

कुठली घ्यावी म्हणाल तर मी म्हणेन, १० मीटरची जुनी मॅच रायफल कुणा शूटरकडनं मिळत असेल तर आधी ती बघा. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, ॲनशुट्झ, काही चालेल. वेग सेकंदाला १७०-१७५ मीटरच, त्यामुळं वारा जास्त ओढतो, पण ट्रिगर आणि बॅरल असं असतं की चूक झाली तर ती तुमचीच. तिच्या सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षं उलटली असतील तर सिलिंडर बदलायचा खर्च धरा. ती नाही मिळाली तर नवी घेताना बजेटमधले थोडे पैसे अडवून ठेवा, छर्ऱ्यांना. चार-पाच प्रकारचे डबे आणा, प्रत्येकाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे पाच ग्रुप मारा, ज्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, लहान त्याच बॅचचे आणखी डबे घेऊन ठेवा. माझ्या बंदुकीला ४.५२ मिमी हेडचा, म्हणजे डोक्याचा, छर्रा लागतो, दाजींनी आणलेला महागडा जड छर्रा पसरतो. ते पण त्यांना पटलेलं नाही.

राहिलं ते, वय १८ पूर्ण हवं, आयडी द्यावा लागेल, बिल जपून ठेवा. बंदूक उघडायच्या आधी हवा पूर्ण सोडा. पक्ष्यांवर मारलंत तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मला तसल्या माणसाला उत्तर द्यायचं नाही. माझे आकडे माझ्या बंदुकीचे आहेत, तुमचा पट्टा कदाचित १८० ते १४० निघेल.

गेल्या महिन्यात दाजी शेडवर आले होते. मी १६० ला थांबवली, काही बोललो नाही. त्यांनी एक अख्खं कार्ड मारलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि घरी घेऊन गेले.