ओव्हर देताना

प्रिय पोरी,

नर्सच्या नोकरीची ऑर्डर हातात पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, ‘ताई, पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर मला झेपेल का?’ तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

एप्रिल-मे 2021. जळगावचा उन्हाळा तुला ठाऊक आहेच. त्यात पीपीई किट. एकदा चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. डोक्यात सतत ऑक्सिजनचं गणित. जंबो सिलेंडरमध्ये साधारण 7000 लिटर. पेशंट मिनिटाला 15 लिटरवर असला तर पावणेआठ तासांत तो रिकामा. नंदुरबारला डॉ. राजेंद्र भारूड कलेक्टर असताना हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्लांट आधीच बसले होते. ती बातमी वाचली, की त्या वॉर्डातल्या सिस्टरांच्या डोक्यावरचं एक ओझं तरी उतरलं असेल, असं वाटायचं.

आकड्यांच्या या धास्तीतच माझ्या हातून चूक झाली.

अमळनेरकडची एक आजी होती, सत्तरीची. एनआरबीएम मास्क, म्हणजे जास्त ऑक्सिजन देणारा पिशवीचा मास्क, ती सारखा काढून टाकायची. मास्क निघाला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 80 च्या खाली. रागवून झालं, समजावून झालं. शेवटी तिच्या तोंडाशी कान नेला, तर म्हणाली, ‘घसा सुकी गया व माय.’ एवढंच होतं! डॉक्टरांना विचारलं, तिला टेकवून बसवलं, मास्क क्षणभर सरकवून दोन चमचे पाणी पाजलं, ओठांवरून ओला कापूस फिरवला. मग अर्ध्या-अर्ध्या तासाने तेच. दिवसभर तिने मास्कला हात लावला नाही.

संध्याकाळी मी ओव्हर दिली, म्हणजे ड्युटी संपताना रात्रीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवले. सॅच्युरेशन, बीपी, शुगर, इंजेक्शनं, उरलेले सिलेंडर, सगळं सांगितलं. पाण्याचं सांगायचं राहिलं.

सकाळी पाहते तर आजीचे दोन्ही हात बँडेजने खाटेला बांधलेले. काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. रात्रीच्या सिस्टरला मी दोष देत नाही. चाळीस पेशंट आणि त्या दोघीच. मी गाठी सोडल्या. आजी चिडली नाही. ‘कोठे गयी व्हती व तू?’ एवढंच विचारलं.

ती बरी होऊन घरी गेली. तरी ती मनगटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

म्हणून सांगते, ओव्हर टेबलाशी उभं राहून देऊ नकोस, घेऊही नकोस. खाटेजवळ जा. आकडे सांगून झाले की हा माणूस कशाने शांत होतो, तेही सांग. त्याच्या देखत सांग, म्हणजे आपली सिस्टर गेली तरी आपलं म्हणणं इथेच आहे, हे त्याला कळतं. आणि अहिराणी बोलायला लाजू नकोस. घाबरलेल्या म्हातारीला पुस्तकी मराठी ऐकूच येत नाही.

सोमवारी पहिली नाईट आहे ना? निघण्याआधी पोटभर जेव, पाणी पिऊन जा.

तुझी,
ताई