साडेसोळा हजारांचा फिशिंग रॉड ईएमआयवर घ्यावा का?

हडपसरहून एका वाचकाने विचारलंय, थोडक्यात देतो: "वय ३२, हातात पगार ४६ हजार. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, फी २८ हजार, त्यातले १५ जमलेत. सेव्हिंगला ४० हजार, एसआयपी महिना ३ हजार. फिशिंगचा नाद आहे, नोव्हेंबर ते मे महिन्यातून दोनदा पानशेत नाहीतर भोरकडे जातो. क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारं, माशासारखं दिसणारं खोटं आमिष) टाकतो पण मासे काठापर्यंत येऊन सुटतात. मित्र म्हणतात रॉड चुकीचा आहे. बोनसमधले १२ हजार हातात आहेत. क्रँकबेटसाठीचा एक इम्पोर्टेड कास्टिंग रॉड बघितलाय, १६,५०० चा, रोख घेतला तर हजार कमी, नाहीतर नऊ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. ईएमआयवर घेऊ का? एसआयपी दोन महिने थांबवून रोख घेतला तर? मित्राचा वापरलेला रॉड आणि कास्टिंग रील सात हजारात मिळतंय, ते कसं? आणि बायकोला किंमत निम्मी सांगितली तर चालेल का?"

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, आधी पैशाचं बघू.

तुमच्या मेलमध्ये एक ओळ होती जी वर घेतली नाही, की सध्या तुमच्याकडे स्पिनिंग रील आहे आणि ती "अजून मस्त चालते". बरोबर ना? मग हा साडेसोळाचा रॉड तुम्हाला साडेसोळाला पडणारच नाहीये. तुम्हीच लिहिलंय कास्टिंग रॉड. कास्टिंग रॉडवर रील वरच्या बाजूला बसते, मुठीखाली बोट अडकवायला ट्रिगर असतो, आणि रिंगा लहान असतात. तुमची स्पिनिंग रील खाली लटकते आणि तिची लाईन मोठे वेढे घेत सुटते म्हणून स्पिनिंग रॉडची पहिली रिंग चांगली मोठी असते. ही रील त्या रॉडवर चालवायची म्हणजे स्कूटरचं चाक बुलेटला लावण्यातला प्रकार. म्हणजे रॉड आला की पाठोपाठ त्याची वर बसणारी बेटकास्टिंग रील आली, बरी म्हणावी अशी घ्यायची तर अजून चार-पाच हजार धरा, वर नवीन लाईन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे तर कोंबडीही महागच आहे.

आता नो-कॉस्ट. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. तुमच्या केसमध्ये ते अर्धं उघडंच आहे, रोखीला हजार रुपये कमी म्हणजे ईएमआयवाल्याने ते हजार भरले. दुसरं म्हणजे कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याज लागतंच, दुकानदार फक्त तेवढं डिस्काउंट आधी देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो. सोळा टक्के दर धरला तर नऊ महिन्यांचं व्याज साधारण अकराशे, त्यावर जीएसटी दोनशेच्या आसपास, आणि प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. हजार आणि हे सव्वाचारशे-साडेचारशे, नो-कॉस्टची कॉस्ट झाली चौदाशेच्या वर. रील-लाईन धरून सगळं बावीस हजारांच्या घरात. हप्ता १,८३३ चा, मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे बरोबर फीच्या महिन्यातूनही जाणार, आणि एखादा महिना कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाचं चाळीसच्या पुढे. नाही. ईएमआय नको.

एसआयपीचं. इथे माझ्या धंद्यातले लोक लगेच तक्ता काढतात, सहा हजार बारा टक्क्यांनी वीस वर्षांनी अठ्ठावन्न हजार होतात, म्हणजे तुमचा रॉड अठ्ठावन्न हजारांचा. मला हा हिशोब खरंच आवडत नाही, त्या न्यायाने मग वैशालीतला डोसाही चार आकडी होतो आणि माणसाने जगूच नये. बारा टक्के मिळतीलच असंही कुणी लिहून देत नाही. माझी अडचण वेगळी आहे. एकदा हौसेसाठी एसआयपी थांबवली की पुढच्या वर्षी टायर बदलायचे म्हणून थांबते, मग दिवाळी म्हणून, आणि मी अशी खाती बघितलीत जिथे "दोन महिने" २०१९ पासून चालू आहेत. शिवाय तुमचा इमर्जन्सी फंड एक महिन्याच्या पगाराएवढाही नाही. थांबवायचीच वेळ आली तर फीसाठी थांबवा, आणि तेव्हाही खात्यात पैसे न ठेवता हप्ता बाऊन्स होऊ देऊ नका, रीतसर पॉज करायची सोय बहुतेक फंडांकडे असते.

मित्राचा सात हजाराचा सेट एका वाक्यात सांगतो, बेटकास्टिंग रील हातात बसायला वेळ लागतो, स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या फिरकीवर, अंगठा चुकला की लाईनचा असा गुंता होतो की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते, आणि तुमच्या महिन्यातून दोन सकाळी असतात. पुढे कधीतरी घ्या.

आता तुमच्यासाठी बरी बातमी. एरवी मी लोकांना सांगतो की स्वस्त बूट, स्वस्त हेल्मेट घेऊ नका. पण क्रँकबेटच्या रॉडचं गणित उलटं आहे. महागड्या ग्राफाइट रॉडचे पैसे तुम्ही कशाचे मोजता, तर तो हलका असतो, ताठ असतो आणि बारीकशी टोचणीही हाताला कळते. जिग किंवा मऊ रबरी किडे वापरणाऱ्याला ते सोन्यासारखं आहे. क्रँकबेटला मात्र तोच ताठपणा नडतो. माशाने धडक दिली की ती तुम्हाला लगेच कळते, तुम्ही दचकून झटका देता, आणि लुअर, म्हणजे ते खोटं आमिष, माशाच्या तोंडात नीट जायच्या आधीच बाहेर. आणि लुअरला असतात ते तीन टोकांचे छोटे ट्रेबल हूक, ते खोल रुतत नाहीत, ओठाच्या कडेला कातडीत अडकतात, काठाजवळ माशाने डोकं झटकलं की ताठ रॉड काहीच ढील देत नाही आणि हूक फाडून निघतो. तुमचे मासे जिथे सुटतात ते ठिकाण तुम्हीच लिहिलंय, काठाजवळ. तिथे पाण्यात लाईन थोडी उरलेली असते, ताण खायला फक्त रॉड असतो.

म्हणून क्रँकबेटला लोक फायबरग्लासचा किंवा ग्लास-ग्राफाइट मिक्सचा रॉड वापरतात, जो मधल्या भागापासून वाकतो. त्याला मॉडरेट ॲक्शन म्हणतात. आणि फायबरग्लास हा मुळातच स्वस्त माल आहे! जड लागतो, दिवसभर टाकून मनगट भरून येतं, हे खरंय, पण तुमच्या तीन-चार तासांना चालेल. तुम्ही लिंक पाठवलेल्यांपैकी तो ३,४०० चा सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम पॉवर, मॉडरेट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड, लुअर वजन ७ ते २१ ग्रॅम लिहिलेला, त्याच्यावर बोट ठेवतो. पॉवर आणि ॲक्शनची गल्लत करू नका, पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. दुकानात जाऊन घ्या, दुकानदाराला टोक धरायला सांगा आणि तुम्ही मूठ हळू उचला, वरचा थोडासाच भाग वाकला तर फास्ट, ठेवा परत. निम्म्यापर्यंत गोल कमान झाली तर तोच. आणि खिशात थोडा कापूस न्या, प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे आणि तो तुमची लाईन कापणार. दुकानदार बघत राहील, बघू दे. आपण तुळशीबागेत वाढलेली माणसं आहोत.

तुमचा आत्ताचा फास्ट, म्हणजे ताठ रॉड विकू नका हं, मरळीसाठी रबरी बेडूक टाकायला तो ताठच लागतो.

महाग रॉडचं अजून एक. मी स्वतः काही वर्षांपूर्वी नऊ हजारांचा ग्राफाइट रॉड घेतला होता, फिशिंगला दोनदा नेला, तिसऱ्या वेळी निघायच्या आदल्या रात्री हॉलमध्ये जोडून बघत होतो आणि वर पंखा चालू. एक बारीक टक्क असा आवाज. टोकाचा वीतभर तुकडा सोफ्यामागे सापडला. वॉरंटी होती, पण ती बनवण्यातल्या दोषाला, माझ्या अकलेच्या दोषाला नव्हती, दुकानदाराने कार्ड वाचून दाखवलं. रॉड मासा ओढताना फार क्वचित मोडतात, ते मोडतात पंख्यात, गाडीच्या दारात आणि बाईकवरून नेताना. तुम्ही बाईकवरून जाता. ग्लासचा रॉड हे सगळं ग्राफाइटपेक्षा बराच जास्त सोसतो.

पण थांबा, ३,४०० पण लगेच खर्चू नका. तुमच्या रीलवर ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्याची लाईन आहे म्हणता. ब्रेड ताणत नाही. ताठ रॉड आणि न ताणणारी लाईन, म्हणजे माशाच्या प्रत्येक झटक्याचा जोर सरळ त्या छोट्या हुकवर. आधी तीनशे-साडेतीनशेची बारा पाउंड ताण सोसणारी साधी नायलॉन लाईन भरा, ती रबरासारखी थोडी ताणते, ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, अर्धा आटा सैल करा, आणि सगळ्या हुकांची टोकं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा, नखावर अडलं तर धार आहे, घसरलं तर बोथट, बदला. दोन सकाळी असं करून बघा. सुटणारे मासे कमी झाले तर रॉड पुढच्या सीझनला ढकलता येईल. नाही झाले तर घ्या, मग माझी हरकत नाही.

खरा खर्च मात्र भलतीकडेच आहे, तुमच्याच मेलमध्ये. गेल्या सीझनला नऊ लुअर गेले म्हणता, चारशेचा एक धरला तर ३,६००. चौदा फेऱ्या, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, पेट्रोल अडीचशे, म्हणजे साडेतीन हजार. वाटेतला चहा-मिसळ दीडशेने २,१००. सगळे मिळून नऊ हजार दोनशे, एकही रॉड न घेता! पेट्रोल आणि मिसळीला मी हात लावणार नाही, त्यासाठीच तर माणूस जातो. पण नऊ लुअर म्हणजे दरवर्षी एक रॉड तुम्ही पाण्यात टाकताय. पानशेतच्या बॅकवॉटरला बुडालेली खोडं आणि दगड आहेत, तिथे तरंगणारे क्रँकबेटच वापरा, म्हणजे ओढलं की खाली जाणारे आणि थांबलं की आपोआप वर येणारे. लुअर कशाला तरी ठोकलं असं हाताला जाणवलं की ओढू नका, आपण सगळे नेमकं तिथेच जोर लावतो. रील थांबवा, लाईन सैल सोडा, चार-पाच सेकंद. बऱ्याचदा ते मागे सरकत तरंगून मोकळं होतं. तरीही अडकलं तर गॅरेजमधून एक जुना स्पार्क प्लग फुकट मागून ठेवा, क्लिपने लाईनवर अडकवून खाली सोडायचा, लाईन उंच आणि ताठ धरायची, प्लग जाऊन लुअरच्या डोक्यावर ठोकतो आणि हूक सुटतो. उंच काठावरून चांगलं जमतं, सपाट काठावरून तेवढं नाही. नऊचे चार झाले तरी दोन हजार वाचले.

म्हणून बारा हजारांचं असं करा. पाच हजार आजच फीकडे, म्हणजे २८ मधले २० झाले, उरलेले आठ मार्च, एप्रिल, मेच्या पगारातून सत्तावीसशेने निघतील, ओढाताण होईल पण होईल. राहिलेल्या सातमधून रॉड ३,४००, नायलॉन आणि हूक मिळून आठशे, आणि बाराशेचं लाईफ जॅकेट. हो, जॅकेट. तुम्ही पहाटे एकटे ओल्या दगडावर उभे राहता आणि पोहायला "थोडंफार" येतं असं लिहिलंय, टर्म इन्शुरन्स आहे का ते लिहिलेलं नाही, ते पुढच्या मेलमध्ये कळवा. उरले सोळाशे, त्यात चार लुअर. ते संपले की सीझन संपला असं समजायचं, पाचवा घ्यायचा नाही.

अजून एक, ह्या जलाशयांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे दिलेली असते, तिथल्या माणसाला विचारून बसा, काही पैसे मागितले तर पावती घ्या. महासीर लागला तर सोडून द्या, ट्रेबलची तीन टोकं असताना टोकांमागचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून ठेवले तर सोडणं सोपं जातं आणि तुमचं बोटही वाचतं.

आणि बायकोचं. ३,४०० चा आहे, खरी किंमत सांगा की. निम्मी सांगितलीत तर सतराशे सांगाल, आणि मग पुढच्या वर्षी तिने भावाला वाढदिवसाला तसलाच एक आणायला सांगितला तर वरचे सतराशे कुठून घालणार आहात?