टॉवर समोर, लाइन मागे: टोकन देण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपरी-चिंचवडमध्ये पाचव्या मजल्यावरचा रीसेल फ्लॅट बघितलाय. समोर साधारण 40 मीटरवर चार मजली इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर, मागच्या बाजूला 25 मीटरवर 220 केव्हीची लाइन. फोनवरचं ॲप बेडरूममध्ये 46 मायक्रोटेस्ला दाखवतंय आणि घरचे म्हणतात, नको तिथे. सोसायटीतले म्हणतात, काही होत नाही.

आधी ते ॲप काढून टाका. फोनमध्ये असतो तो होकायंत्राचा सेन्सर. तो पृथ्वीचं स्थिर चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि ते आपल्याकडे चाळीसच्या आसपास मायक्रोटेस्ला असतंच, अगदी सिंहगडावर उभे राहिलात तरी. बीमच्या सळईजवळ किंवा लोखंडी कपाटाजवळ फोन नेला की आकडा वर-खाली होतो. टॉवरच्या लहरी या सेन्सरला दिसतच नाहीत आणि विजेच्या तारांचं 50 हर्ट्झचं क्षेत्र मोजायचं हे साधन नाही. तुमच्या 46 चा टॉवरशीही संबंध नाही, लाइनशीही नाही.

टॉवर आणि लाइन हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांना एकत्र 'रेडिएशन' म्हटलं की सगळा घोळ होतो. टॉवरच्या लहरींची ताकद वॅट प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात, भिंतीने ती कमी होते. लाइनचं चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतात, ते विटा-काँक्रीटमधून जवळपास जसंच्या तसं आत येतं. मीटर वेगळे, मर्यादा वेगळ्या, उपायही वेगळे.

टॉवर

सेक्टर अँटेनाचा, म्हणजे एका ठरावीक दिशेला लहरी सोडणाऱ्या अँटेनाचा, झोत आडवा साधारण 65 अंश रुंद असतो, पण उभ्यात जेमतेम सहा-सात अंशांचा. तो काही अंश खाली झुकवलेला असतो. 30 मीटर उंचीवरचा अँटेना 6 अंश झुकवला तर झोताचा मध्य जमिनीला लागतो सुमारे 285 मीटरवर. म्हणून टॉवर ज्या इमारतीवर आहे तिच्या वरच्या मजल्यावर लहरी बहुतेकदा समोरच्या इमारतीपेक्षा कमी असतात. लोक नेमके उलटे घाबरतात. काळजीपूर्वक बघायचं ते अँटेनाच्या उंचीला, त्याच्या तोंडासमोर येणारं घर. तुमचा फ्लॅट नेमका तसा आहे, त्यामुळे शंका रास्त आहे.

आता हिशेब. एका कॅरियरचे (एका फ्रिक्वेन्सीवरच्या प्रक्षेपणाचे) 20 वॅट आणि अँटेनाने झोत एकवटल्यामुळे होणारी सुमारे पन्नासपट वाढ धरली, तर झोताच्या दिशेला 1000 वॅटसारखा परिणाम मिळतो. 40 मीटरवर ते होतं 1000 भागिले 4π गुणिले 1600, म्हणजे 0.05 वॅट प्रति चौरस मीटर. 1 सप्टेंबर 2012 पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा लागू केला: 900 मेगाहर्ट्झला 0.45, 1800 ला 0.9, 2100 आणि पुढे 1 वॅट प्रति चौरस मीटर. एकाच दिशेला 900, 1800, 2100 आणि 2300 असे चार कॅरियर पूर्ण जोरात चालू आहेत असं धरा. प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करायची: 0.11 + 0.055 + 0.05 + 0.05, म्हणजे 0.27 च्या आसपास. बेरीज 1 च्या आत हवी. हा बाल्कनीत, झोताच्या बरोबर मध्यात, पूर्ण लोडवरचा आकडा आहे. भिंतीच्या आत तो बराच खाली येतो, साध्या काचेच्या खिडकीतून मात्र फारसा नाही.

हे एका कंपनीचं झालं. त्या गच्चीवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतील तर बेरीज वाढत जाते, आणि तिथे अंदाज करत बसण्यापेक्षा मोजून घ्यावं. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवर शोधता येतो आणि 4000 रुपये शुल्क भरून मोजणी मागवता येते. अर्जात टॉवरबरोबर मोजणीची जागाही स्पष्ट लिहा: 'पाचव्या मजल्याची बाल्कनी, अँटेनासमोर.' नाहीतर रस्त्यावर मोजतील, आणि तिथे आकडा कमी येणारच. मर्यादा ओलांडलेली निघाली तर कंपनीला झुकाव बदलावा लागतो किंवा पॉवर कमी करावी लागते. दोन्ही कामं फारशी अवघड नाहीत.

टॉवर दिसतो म्हणून खिडकीला धातूची जाळी किंवा 'रेडिएशनरोधक' पडदा लावू नका. सिग्नल कमी झाला की तुमचा फोन स्वतःची पॉवर वाढवतो. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट सोडतो, पण तो कानाला टेकलेला असतो. चांगल्या सिग्नलमध्ये हाच फोन त्याच्या कितीतरी कमी पॉवरवर चालतो. फोनच्या पाठीला चिकटवायच्या चिपांबद्दल तर बोलायलाच नको.

लाइन

इथे मात्र आधी अंतराचा, अपघाताचा प्रश्न सोडवा, आरोग्याचा नंतर. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे इमारत आणि तार यांच्यातलं किमान आडवं अंतर 11 केव्हीला 1.2 मीटर, 33 केव्हीपर्यंत 2 मीटर आणि त्यापुढे दर 33 केव्हीला (अपुऱ्या टप्प्यालाही) 0.3 मीटर जास्त. 220 केव्हीला हे 3.8 मीटर येतं. हे मोजायचं वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुलल्यावर, शांत दुपारी लोंबणाऱ्या तारेपासून नाही. उभं अंतर त्याच हिशेबाने 5.5 मीटर. शिवाय 220 केव्हीच्या लाइनखाली मोकळा ठेवायचा पट्टा (कॉरिडॉर) 35 मीटरचा, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेसतरा. तुमचे 25 मीटर मध्यरेषेपासून असतील तर ठीक. बाल्कनी पुढे काढलेली किंवा गच्चीवर नंतर शेड चढवलेली असेल तर मंजूर नकाशा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात घेऊन पुन्हा मोजा. लोखंडी पाइप, अॅल्युमिनियमची शिडी आणि पतंगाचा ओला मांजा यांनी लाइनजवळ माणसं मरतात, ही सिद्ध झालेली गोष्ट आहे.

लाइनच्या अगदी जवळ गच्चीवरची कपड्यांची तार किंवा पत्र्याची शेड हाताला झिणझिण्या देत असेल, तर तो लाइनच्या विद्युत क्षेत्रामुळे धातूवर आलेला विद्युत दाब (व्होल्टेज) आहे. धातूचा प्रत्येक मोठा भाग अर्थिंगला जोडला की थांबतो.

आता चुंबकीय क्षेत्र. तीन फेजची लाइन असेल तर अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण चौपट कमी होतं. 300 अँपिअर करंट आणि फेजमध्ये 5 मीटर अंतर धरलं तर 25 मीटरवर सुमारे 0.8 मायक्रोटेस्ला. डबल सर्किटमध्ये, म्हणजे एकाच खांबावर तीन-तीन फेजच्या दोन लाइन असताना, दोन बाजूंच्या फेज उलट क्रमाने असतील तर याहून बरंच कमी. इथे केव्ही किती हे गौण आहे, क्षेत्र ठरतं ते करंटवर. त्यामुळे भरपूर लोडची 11 केव्ही लाइन खिडकीला चिकटून असेल तर ती दूरच्या 220 पेक्षा जास्त आकडा देते.

0.8 ला घाबरायचं का? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा 2010 पासून सामान्य लोकांसाठी 200 मायक्रोटेस्ला आहे, त्या मापाने काहीच नाही. पण 2000 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत 0.3 ते 0.4 च्या वर सरासरी असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं, एकात सुमारे दुप्पट. त्यावरून 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या क्षेत्राला 'शक्य' गटात, 2बीमध्ये, टाकलं. मोबाइल लहरी त्याच गटात आल्या 2011 ला. कारण सिद्ध झालेलं नाही, ते कसं घडेल याचा मार्ग सापडलेला नाही आणि मुळात आजार दुर्मीळ आहे, त्याची दुप्पट म्हणजेही थोडीच. माझं मत: मुलांची झोपायची खोली लाइनकडे न ठेवता दुसऱ्या बाजूला ठेवा. फुकटचा उपाय आहे. एवढ्यावरून चांगला फ्लॅट सोडू नका.

मोजायचं असेल तर तीन अक्षांचा 50 हर्ट्झचा मीटर भाड्याने घ्या. एक अक्षाचा असेल तर तिन्ही दिशांना वळवून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. मीटर मिलिगॉस दाखवत असेल तर दहाने भागा. संध्याकाळी सात ते दहा आणि दुपारी असं दोनदा घ्या, कारण लोडप्रमाणे आकडा बदलतो. अभ्यासांतले 0.3-0.4 हे सरासरीचे आकडे आहेत, मीटरवर क्षणभर उसळलेल्या टोकाशी त्यांची तुलना करू नका.

आणि घरातलं वायरिंग

याकडे कुणी बघत नाही आणि अनेकदा सगळ्यात मोठा आकडा इथूनच येतो. फेजमधून गेलेला करंट शेजारच्याच न्यूट्रलमधून परत आला तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. तो दुसऱ्या वाटेने परत गेला, तर 3 अँपिअरला दीड मीटरवर 0.4 मायक्रोटेस्ला मिळतात, म्हणजे तुमच्या लाइनच्या निम्मे. हे होतं ते दोन सर्किटचे न्यूट्रल स्विचबोर्डात एकत्र पिळल्यामुळे, जिन्याच्या टू-वे दिव्याचं न्यूट्रल भलतीकडून घेतल्यामुळे, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकल्यामुळे, आणि सर्वांत जास्त वेळा इन्व्हर्टर बसवताना. न्यूट्रल मिसळलं की आरसीसीबी (करंट गळतोय असं दिसताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप व्हायला लागतो आणि मग वायरमन आरसीसीबीच बायपास करून जातो. ट्रिप थांबतं, दोष तसाच राहतो, वर शॉकपासूनचं संरक्षणही जातं. रीसेल फ्लॅटमध्ये हे हमखास बघा.

तपासणी लायसनधारक वायरमनकडून करून घ्या, कारण तेव्हा डीबी (घरातला वीज वितरण बोर्ड) उघडी असते. मेनची फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र क्लॅम्प मीटरच्या (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात घ्यायच्या आणि 2000 वॅटचा गिझर लावायचा. एकट्या फेजवर जवळपास 9 अँपिअर दिसतील, दोन्ही एकत्र घेतल्यावर शून्य दिसलं पाहिजे. एक-दोन अँपिअर उरत असतील तर करंट घराबाहेर दुसऱ्या वाटेने जातोय. घरातल्याच दोन सर्किटचे न्यूट्रल मिसळले असतील तर मेनवर शून्यच दिसतं, म्हणून हीच चाचणी पाळीपाळीने एकेका सर्किटच्या फेज-न्यूट्रल जोडीवर, त्याच सर्किटचा लोड चालू करून घ्या. ज्या जोडीवर आकडा उरतो तिथे न्यूट्रलची गडबड. सुटं करून आपापल्या सर्किटला परत जोडलं की झालं, खर्च वायरमनच्या मजुरीएवढा.

तळमजल्यावर सोसायटीची ट्रान्सफॉर्मर रूम असेल तर तिच्या थेट वरच्या फ्लॅटने एलटी (कमी दाबाच्या) बसबार, म्हणजे धातूच्या जाड पट्ट्या, आणि केबल छताला लागून आहेत का ते बघावं. 630 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला एलटी बाजूला पूर्ण लोडवर 840 अँपिअर जातात. सुट्या सिंगल-कोअर केबल छतावर पसरून टाकलेल्या असतील तर त्या तिन्ही फेज एकत्र बांधून घेतल्या की वरचा आकडा झपकन उतरतो. तुम्ही पाचव्यावर आहात, तुम्हाला त्याची चिंता नाही. तुमच्या बाबतीत पलंगाच्या डोक्याशी इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझर असेल तर तो दीड मीटर बाजूला सरकवा.