शनिवारच्या ऑर्डरी आणि रानातला मान्ना

प्रिय ताई,

तुमची हकिकत इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ठाण्यात राहता, तुमचे कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातले आहे आणि यजमानांची नोकरी गेल्यापासून घर तुमच्या डब्यांवर व समारंभांच्या ऑर्डरींवर चालते. सर्वांत जास्त मागणी शनिवारची असते, म्हणून गेले काही महिने शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या ज्यूंच्या साप्ताहिक विसाव्याच्या दिवशीही तुमची शेगडी पेटलेली असते. सासूबाई भांडत नाहीत. मात्र त्या दिवशी शिजवलेले अन्न त्या घेत नाहीत, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावल्यावर एवढेच विचारतात की आपल्या पूर्वजांना रानात चाळीस वर्षे कोणी खाऊ घातले. तुमचे प्रश्न तीन आहेत: माझी श्रद्धा कमी पडते आहे का, शनिवार बंद ठेवावा का, आणि मदतीला येणाऱ्या मावशी ज्यू नसल्यामुळे त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांच्यावर सोपवून मी विसावा घेतला तर चालेल का.

धर्मनियमाचा निवाडा तुमच्या सिनेगॉगमधले (प्रार्थनामंदिरातले) हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि जाणती मंडळी करतील. पण सासूबाई ज्या कथेचा दाखला देतात ती कथा पूर्ण वाचली, तर ती तुम्हाला दोषी ठरवत नाही, असे माझे ठाम मत आहे. ती तुमच्याकडून काही मागते, हे मात्र खरे आहे.

ज्यू धर्मग्रंथातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मिसर (इजिप्त) सोडून महिना झालेले तुमचे पूर्वज सीनच्या रानात उपाशी आहेत आणि मोशे व अहरोन या आपल्या पुढाऱ्यांकडे कुरकुर करत आहेत की मिसरात आम्ही निदान मांसाच्या हंड्यांजवळ बसून पोटभर जेवत तरी होतो. या कुरकुरीला उत्तर म्हणून अन्न आले. संध्याकाळी लावे पक्षी आले, आणि सकाळी दव उडाल्यावर जमिनीवर हिमकणांसारखे बारीक, धण्यासारखे दिसणारे, पांढरे, मधातल्या पोळीच्या चवीचे काहीतरी पसरलेले दिसले. तोच मान्ना. घरात उद्या काय शिजणार या भीतीने माणूस बोलला, म्हणून त्याला त्या सकाळी उपाशी ठेवले गेले नाही. तेव्हा कर्जाच्या हप्त्याच्या तारखेआधी तुमची झोप उडते, एवढ्यावरून तुमची श्रद्धा मोजण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही, तुम्हालाही नाही.

पुढचा भाग सासूबाईंच्या प्रश्नात राहून जातो. मान्ना वरून आला, तरी तो कोणाच्या ताटात येऊन पडला नाही. ऊन चढले की तो वितळत असे, म्हणून रोज पहाटे उठून, माणशी एक ओमर या मापाने, प्रत्येकाने आपल्या तंबूतल्या माणसांपुरता गोळा करायचा होता. आणि गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तर तो जात्यात दळणे, उखळात कुटणे, भांड्यात शिजवणे आणि त्याच्या भाकऱ्या करणे असे सगळे कष्ट सांगितले आहेत. ज्या कुटुंबाला देवाने चाळीस वर्षे पोसले, त्या कुटुंबात कोणीतरी चाळीस वर्षे जात्यावर बसत होते. तुमचे काम आणि देवाचे देणे यांत तुम्हाला जो विरोध वाटतो, तो या कथेत मला तरी कुठे दिसत नाही.

कथेत आहे ती मर्यादा. उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट, माणशी दोन ओमर मिळाला, आणि भाजायचे ते भाजून, शिजवायचे ते शिजवून उरलेले सातव्या दिवसासाठी ठेवले तर ते नासले नाही. तरीही काही लोक सातव्या दिवशी बाहेर पडलेच आणि त्यांना काही मिळाले नाही. त्यांचा अन्नपुरवठा त्यानंतर थांबला, असे मात्र कथेत कुठेही नाही. हे सगळे सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळण्याच्या आधी घडले, याकडे लक्ष द्या. शब्बाथचा कायदा येण्याआधी शब्बाथचे जेवण आले. लोकांना थांबायला सांगण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातात दोन दिवसांचे अन्न होते. आजही शब्बाथच्या ताटात दोन भाकरी ठेवतात त्या याच दुप्पट वाट्याची आठवण म्हणून.

आणि ज्यांना थांबायला सांगितले ते कोण होते? निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मिसरचा राजा फारो त्यांना पेंढा देणे बंद करतो, विटांची संख्या मात्र तेवढीच मागतो, आणि सवलत मागितली तर तुम्ही आळशी आहात असे म्हणतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथ पाळण्याचे कारण सृष्टीची निर्मिती हे दिलेले नाही. तू मिसरात दास होतास हे ध्यानात ठेव, असे तिथे सांगितले आहे. तिथेच मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतला परका यांची नावे घेऊन म्हटले आहे की त्यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला याच ओळीत दिसते. मावशींना ओट्याशी उभे करून तुम्ही विसाव्याला बसलात, तर घरात एक स्वतंत्र बाई आणि एक दासी असे चित्र होईल, आणि ते मोडण्यासाठीच ही आज्ञा दिलेली आहे. हा मार्ग कृपया सोडून द्या.

आता शनिवार बंद ठेवावा का? ठेवावा, असे मी म्हणेन, पण एका रात्रीत नव्हे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, असे ज्यू शास्त्रकारांनीच सांगितले आहे. कर्जाचा हप्ता त्या सवलतीत बसवण्याची कसरत मी करणार नाही. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही थांबा असे स्पष्ट म्हटले आहे, म्हणजे ऐन हंगामात थांबणे जड जाते हे सांगणाऱ्याला ठाऊक होते. शेत पडीक ठेवायच्या सातव्या वर्षी आम्ही काय खावे, हा लोकांचा प्रश्न लेवीय ग्रंथात जसाच्या तसा नोंदवलेला आहे, आणि त्याला उत्तर मिळते ते सहाव्या वर्षाच्या पिकाचे.

तेव्हा तुमचा सहावा दिवस मजबूत करा. घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण करा, पण पुढच्या महिन्यापासून शनिवारच्या नव्या घेऊ नका. टिकणारे पदार्थ, म्हणजे करंज्या, लाडू, चिवडा, वाटलेले मसाले, शुक्रवारी दिवस मावळण्याआधी घेऊन जा, असे गिऱ्हाइकांना सांगा. ठाण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जून-जुलैत सव्वासातनंतर, त्यामुळे वेळेचा फलक ऋतूनुसार बदलावा लागेल. थंडीत शनिवारी तारे दिसून शब्बाथ संपल्यावर रविवारच्या न्याहारीची तयारी सहज सुरू करता येईल. धर्मग्रंथातल्या नहेम्याने, यरुशलेमेचा कारभार पाहताना, नुसता उपदेश केला नाही. शब्बाथ लागण्याआधी अंधार पडू लागताच त्याने वेशीचे दरवाजे लावून घेतले, आणि व्यापारी एकदोनदा बाहेर मुक्काम करून मग यायचे थांबले. तुमची वेस म्हणजे ऑर्डरींचा फोन. तो शुक्रवारी संध्याकाळी बंद करा आणि कारण लपवू नका. कोकणात तेलघाणे चालवणाऱ्या तुमच्या पूर्वजांना गावाने शनिवार तेली म्हटले ते त्यांचा घाणा शनिवारी बंद असे म्हणूनच, आणि ते श्रीमंत लोक नव्हते.

सासूबाईंशी मात्र बोला. मान्ना तंबूतल्या माणसांच्या हिशेबाने गोळा होत असे, तेव्हा शुक्रवारची दुप्पट मेहनत एकट्या सुनेने करावी असा त्या कथेचा आधार कोणी घेऊ नये. नारळ खवणे, वाटणे, पाकिटे भरणे त्यांना बसल्या जागी जमेल; पोहोचवण्याचे काम यजमानांनी घ्यावे. सुरुवातीला उत्पन्न घटेल, आणि त्या काळात शब्बाथचे जेवण साधे झाले तर बिघडत नाही. लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा शब्बाथचे ताट रोजच्यासारखेच साधे ठेव, असा सल्ला प्राचीन काळचे ज्यू धर्मगुरू रब्बी अकीवा यांनी दिला होता. दोन भाकरी आणि मनुकांचे सरबत एवढ्यावर आशीर्वाद म्हणता येतो, हे तुमच्या घरात मी सांगायला नको.

मावशींचा शनिवारचा पगार कापू नका. शुक्रवारी त्या उशिरापर्यंत थांबणार असतील तर त्याचे वेगळे पैसे द्या, आणि हा खर्च नव्या दरपत्रकात आधीच धरा.

तुमची,
ताई