महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम पाहताना

आपल्या महाविद्यालयाच्या मुलांच्या संघाचा हंगाम या वर्षी मन लावून पाहायचे तुम्ही ठरवले, याचा फार आनंद झाला. आधी त्याचे टप्पे समजून घ्या: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत महाविद्यालयाचा संघ खेळतो, तिथून निवडलेली मुले आंतरविभागीय स्पर्धेत विभागाकडून उतरतात आणि त्यांतल्या मोजक्यांना आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाची जर्सी मिळते. सामने बाद पद्धतीचे असतील तर एका पराभवात सारे संपते, म्हणून वेळापत्रक क्रीडा संचालकांकडून आधीच घ्या आणि सरावालाही जात राहा.

नवख्या प्रेक्षकाची नेहमीची चूक म्हणजे नजर सतत चेंडूवर ठेवणे. निदान पहिली दोन मिनिटे चेंडू हाती नसलेल्या एकाच खेळाडूकडे पाहा. तो सहकाऱ्याचा पाठलाग करणाऱ्या बचावपटूच्या वाटेत पाय रोवून उभा राहतो आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात सहकाऱ्याला बास्केटकडे मोकळी वाट मिळते. हे एकदा दिसू लागले की खेळ उलगडत जातो.

दुसरी चूक फक्त गुण मोजण्याची. वहीत फाउलचाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धक्का देणे किंवा पकडणे अशा नियमभंगांचाही, रकाना आखा:

- दहा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की त्यानंतर बचाव करताना केलेल्या प्रत्येक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर चेंडू टाकण्याच्या संधी, मिळतात.
- पाच फाउल झालेला खेळाडू सामन्याबाहेर जातो.

झोन डिफेन्सचे, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा ठरलेला भाग राखण्याच्या बचावाचे, प्रकार सध्या राहू द्या. राखीव बाकावरच्या मुलांची नावे मात्र पहिल्याच सामन्यात पाठ करा.