डॉट इन घ्यावं की डॉट कॉम?

प्रश्न : रत्नागिरीत आमचा आंबा-कोकम प्रक्रियेचा उद्योग आहे. माल मुंबई-पुण्याला जातो, दुबईच्या दोन व्यापाऱ्यांनीही विचारणा केली आहे. आमच्या नावाचं डॉट इन मोकळं आहे. डॉट कॉम मात्र कुणीतरी अडवून ठेवलंय आणि दीड लाख मागतोय. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. डॉट इन आजच घ्या आणि मुख्य वेबसाइट त्यावरच ठेवा. तुमचं गिऱ्हाईक भारतात आहे, आणि गूगल डॉट इनला भारतासाठीचाच पत्ता समजतं. घाऊक व्यापारी तुम्हाला पत्त्याच्या शेपटावरून शोधत नाहीत, त्यांच्यासाठी डॉट इन आडवं येणार नाही. उद्या चार देशांत थेट किरकोळ विक्री करायची ठरली, तर मात्र डॉट कॉम हवं. ते कुठल्याच देशाशी बांधलेलं नसतं. डॉट इनवरचा भारताचा शिक्का कुठल्याही सेटिंगने पुसता येत नाही.

पण आधी ते डॉट कॉम उघडून पाहा. नुसती ‘विकणे आहे’ अशी पाटी असेल तर फारसं बिघडत नाही. तिथे दुसरा कुणी खाद्यपदार्थच विकत असेल तर आपलं नाव बदला, कारण लोक सवयीने डॉट कॉम टाइप करतात. खरा धोका ईमेलचा आहे. तुम्हाला पाठवलेली ऑर्डर चुकून तिकडे गेली आणि त्यांचा सर्व्हर कुठल्याही नावाची मेल स्वीकारत असेल, तर ती परत येत नाही. पाठवणाऱ्यालाही कळत नाही, तुम्हालाही नाही.

तक्रार करून नाव सोडवता येतं, पण त्यासाठी तुमचा ट्रेडमार्क हवा आणि समोरच्याने नाव वाईट हेतूने घेऊन तसंच वापरल्याचं सिद्ध व्हायला हवं. जिनिव्हाच्या ‘वायपो’कडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना, जिथे अशा तक्रारी चालतात) एका पंचाचं शुल्कच १५०० डॉलर आहे. म्हणजे खर्च जवळपास त्या दीड लाखाकडेच जातो.

त्यापेक्षा स्पेलिंगकडे लक्ष द्या. इंग्रजीत ‘आंबा’ कुणी सुरुवातीला एक ए लावून लिहितं, कुणी दोन. ‘कोकम’मध्ये कुणी ए घालतं, कुणी यू. नावात असा शब्द असेल तर दोन्ही रूपं डॉट इनमध्ये घ्या आणि दुसरं ३०१ रीडायरेक्टने (‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगून आपोआप पुढे पाठवणारी सोय) मुख्य पत्त्याकडे वळवा. तीच साइट दोन पत्त्यांवर वेगवेगळी चालवू नका. घेताना पहिल्या वर्षाची सवलत नव्हे, नूतनीकरणाचा दर विचारा.

प्रश्न : आमचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर आहे. आपल्याकडे कसं घ्यावं?

उत्तर : त्याच्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन त्यात हलवायला सांगा, हा सर्वांत सोपा मार्ग. रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर डोमेन हलवू न देणारं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा पासवर्ड, मागा. नोंदणीनंतर पहिले ६० दिवस सहसा हे होत नाही. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलण्याआधी एमएक्स नोंदी, म्हणजे ईमेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या नोंदी, उतरवून घ्या. त्या नव्या जागी भरायच्या राहिल्या, तर वेबसाइट दिसत राहते आणि ईमेल मात्र बंद पडते.